रंगारी मॅडम आणि उद्याची कुलुपं

आमच्या कॉलेजात मराठी बोलणारी माणसं दोनच होती. एक मी आणि दुसऱ्या सुनंदा रंगारी मॅडम. बाकी सगळा कारभार हिंदीत, आणि भांडण झालं तर छत्तीसगढीत. भिलाईत जन्मलेल्या माझ्यासारख्यांची मराठी घराच्या उंबऱ्यात थांबते. आई-वडिलांशी बोलायची, बाहेर पडलं की चप्पल घालतो तशी हिंदी घालायची.

कॉम्प्युटर विभागात लॅब सांभाळायला मी रुजू झालो, त्या दिवशी मॅडमनी माझं नाव ऐकून विचारलं, "भोयर मतलब कहाँ के?"

मी म्हणालो, "जी, पिताजी भंडारा तरफ के हैं."

"मंग माह्यासंग हिंदी कावून झाडून राहिला?"

त्या दिवसापासून आम्ही दोघं कॉरिडॉरमध्येही मराठीत बोलू लागलो. पोरं मागे वळून बघायची. मॅडमना त्याचं काही नव्हतं.

मॅडमचे वडीलही भंडाऱ्याकडचेच. धम्मदीक्षा घेतलेल्या घरातले, पोलाद कारखान्यात भट्टीवर लागले आणि इथलेच झाले. मॅडम कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये वाढल्या, गणितात शिकल्या, मग संगणकाकडे वळल्या आणि नेटवर्कची सुरक्षा शिकवू लागल्या. मला त्या भेटल्या तेव्हा केस पांढरे होऊ लागले होते. सुती साडी, खांद्यावर पिन, आणि पायात सेफ्टी शूज. तेच ते, पुढे लोखंडी टोपी असलेले जाड काळे बूट. पोरांना कारखाने दाखवायला न्यायच्या, तिथे चपलेवर आत सोडत नाहीत, म्हणून एकदा घेतले आणि मग वर्गातही तेच घालून यायला लागल्या. म्हणायच्या, "साडी कोनी पाहत नाई, बूट सारे पाहते. वर्गात झोप येत नाई कोनाले."

त्यांच्या वर्गात 'वगैरे' हा शब्द चालत नसे. एखादा मुलगा म्हणाला, "मॅडम, इसमें पासवर्ड वगैरह रहता है," की त्या खडू खाली ठेवायच्या. "वगैरह का नाम बताओ." त्याला नाव सांगता आलं नाही तर रागवायच्या नाहीत. फळ्यासमोरच्या खुर्चीत बसून त्याच्याबरोबर शोधायच्या. 'समझ गया' म्हणणाऱ्याला तर त्या हमखास उभं करायच्या आणि शेजाऱ्याला समजावून सांगायला लावायच्या. पण सगळ्यात जास्त ऐकू यायचं ते 'कावून', म्हणजे 'का'. हिंदीत शिकवतानाही हा एक शब्द त्या मराठीतच विचारायच्या. मल्याळी आणि बंगाली पोरंही 'कावून' म्हणायला शिकली होती.

मॅडमचे यजमान गुरुदास भाऊ रेल्वेत गार्ड होते. भिलाई-३ स्टेशनात नोकरी झाली, तिथूनच निवृत्त झाले. मॅडमना गाडी चालवता येत नसे, त्यामुळे भाऊ स्कूटरवर त्यांना आणायला-सोडायला यायचे. संध्याकाळी ते ठरल्या वेळेला फाटकाशी हजर. मॅडम कधीच वेळेत बाहेर पडत नसत. मला पाठवायच्या, "भोयर, आमच्या अजींले चहा पाज, म्हनावं येऊन राहिली." भाऊ चहा घेत म्हणायचे, "गाडी लेट आहे का कॅन्सल, तेवढं फक्त विचारून ये."

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडम कुठल्याशा मोठ्या संस्थेत प्रशिक्षणाला जाऊन आल्या. परत आल्यावर लॅबमध्ये येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "भोयर, मी इतके वर्ष जे शिकवत आली, त्याची मुदत संपून राहिली."

मला काही समजेना. त्यांनी समजावलं. आपले बँकेचे व्यवहार, कारखान्यातल्या मशिनांना जाणारे हुकूम, सगळ्यांना गणिताची कुलुपं लावलेली असतात. मोठ्या संख्येचे अवयव, म्हणजे गुणाकाराचे तुकडे, पाडता आले तर कुलूप उघडतं, आणि आजच्या संगणकाला ते काही केल्या जमत नाही. क्वांटम संगणक वेगळ्या तऱ्हेने चालतो. तो पुरेसा मोठा झाला, की ही कुलुपं त्याच्यासमोर टिकणार नाहीत.

"पण तसा संगणक अजून झालाच कुठं आहे?" मी म्हणालो.

"नाई झाला. कधी होईन थेही कोनी खरं सांगू शकत नाई. पण आजचा डेटा कोनी आजच उचलून ठेवला तर? उघडता नाई येत, ठेवता तर येते. उद्या चाबी भेटली का उघडन." थोडं थांबून म्हणाल्या, "आन् आपल्या इथलं पाहा. कारखान्यात मशीन बसली का मानूस रिटायर होते, मशीन नाई होत. आज बसवलेलं कुलूप उद्याच्या चोरासमोर उभं राहीन. मंग आजच बदलायची तयारी कावून नाई करायची?"

नवी कुलुपं तयार होऊ लागली होती. अशा गणितावर उभी असलेली, की क्वांटम संगणकालाही सोपी जाणार नाहीत असं जाणकारांना वाटतं. ती कुठे, कशी बसवायची हे शिकवणारं आमच्या भागात कोणी नव्हतं. मॅडमनी ठरवलं की आपण शिकवायचं. सकाळी संशोधक पोरांना क्वांटमचा अभ्यास, आणि शनिवारी दुपारी आसपासच्या कारखान्यांतल्या लोकांना सुरक्षेचे धडे. सरकारी योजनेतून थोडं अनुदान मिळालं. प्राचार्यांनी लॅबच्या दारावर पाटी लावून दिली.

पहिल्या शनिवारी मोजकीच माणसं आली. त्यातले एक भरघोस मिशांचे, खाकी कपड्यातले गृहस्थ पहिल्या बाकावर ताठ बसले होते. मॅडमचं अर्धं बोलणं झाल्यावर त्यांनी अदबीने विचारलं, "मैडम, इसमें डंडा चलाना कब सिखाएंगे?" कंपनीत पत्र गेलं होतं त्यात 'सिक्युरिटी' शब्द होता, म्हणून मालकाने फाटकावरच्या पहारेकऱ्यांच्या मुख्याला पाठवून दिलं होतं. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आप चोर को गेट पर रोकते हैं, हम तार में रोकते हैं. बैठिए, समोसा आने वाला है." ते शेवटपर्यंत बसले, आणि पुढच्या शनिवारी योग्य माणसाला स्वतः सोबत घेऊन आले.

आमच्या वस्तीतल्या विहारात एका रविवारी वंदना झाल्यावर बायकांनी मॅडमना घेरलं. टीव्हीवर काहीतरी ऐकलं होतं, की नवा संगणक येऊन सगळे पासवर्ड फोडणार. एक आजी काळजीने म्हणाल्या, "बाई, मंग माहा मोबाईल बंद होईन का? नातू पुन्याले राहते, त्याचा फोन त्याच्यावरच येते."

मॅडम त्यांच्याजवळ सतरंजीवर बसल्या. "नाई आजी. मोबाईल बनवनारे त्याचं पाहतीन, थे लागलेच आहेत कामाले. तुमी फक्त कोनी फोन करून नंबर मागितला तर देऊ नका. थी चोरी करायले क्वांटम लागत नाई, गोड आवाज पुरते." आजी समाधानाने हसल्या. घरी जाताना मॅडम मला म्हणाल्या, "लोकायले भेव दाखवनं लय सोपं आहे रे. आपन थे करायचं नाई."

शनिवारच्या वर्गाला येणाऱ्यांत चंद्राकरजी म्हणून एक कारखानदार होते. औद्योगिक वसाहतीत त्यांचा ओतकामाचा कारखाना होता. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं, वेगवेगळे सुटे भाग बनवायचे. मॅडमनी त्यांना विचारलं की तुमच्याकडे अशी गणिताची कुलुपं कुठे कुठे आहेत. ते म्हणाले, "हमारे यहाँ तो ऐसा कुछ है ही नहीं, मैडम. हम तो लोहा गलाते हैं."

"एक बार देख लें?" मॅडम म्हणाल्या.

मग सुरू झाली त्यांची फिरती. डोक्यावर हेल्मेट, त्यावर पांढऱ्या रंगाने 'रंगारी' लिहिलेलं, साडीचा पदर खोचलेला, पायात ते बूट. मागून मी. वजनकाट्याच्या संगणकात एक कुलूप सापडलं. हजेरीच्या कार्डात दुसरं. कॅमेऱ्यांत होतं. भट्टीचं तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये होतं, कारण त्याला नवी सूचना पाठवायची तर ती खऱ्या माणसाकडून आली आहे हे त्याला गणितानेच केलेल्या सहीवरून ओळखावं लागायचं. आणि एका धुळकट कपाटामागे एक डबी सापडली, जिच्यातून मशीन विकणारी परदेशी कंपनी दुरून दुरुस्ती करायची. ती डबी चालू आहे हे चंद्राकरजींनाच माहीत नव्हतं. त्यांनी वाकून तिचा मिणमिणता दिवा पाहिला. मग म्हणाले, "मैडम, ये तो घर में खिड़की खुली रह गई थी."

नव्या गणिताच्या सह्यांची पहिली चाचणी भट्टी बंद असलेल्या दिवशी घ्यायची ठरली. मॅडमचा आग्रह होता की एकाच कंट्रोलरवर करायची आणि जुना प्रोग्रॅम हाताशी ठेवायचा. चंद्राकरजींना घाई होती, सगळं एकदम उरकायचं होतं. मॅडम ऐकेनात. कारखान्याचा कंट्रोल इंजिनिअर नेताम याने नवी सही चढवली, आणि कंट्रोलर ठप्प झाला. पडदा काळा. नव्या सह्या जुन्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात, त्या जुनाट मशीनच्या स्मृतीत ती मावलीच नाही. संध्याकाळी भट्टी पेटवायची होती. चंद्राकरजींचा चेहरा उतरला. "मैडम, आपने तो कहा था सुरक्षित होगा. ये तो बंद ही हो गया."

मॅडमनी नेतामला सांगितलं, "जुना चढाओ, आराम से." त्यालाही 'जुना' कळत होतं एव्हाना. तो चढवेपर्यंत मॅडम पाठीशी हात बांधून उभ्या राहिल्या. बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली मला मागून दिसत होती. पडदा उजळला, आकडे परत आले. मग त्या चंद्राकरजींकडे वळल्या. "आज एक में अटका, दिन में अटका, ठंडी भट्ठी में अटका. इसी के लिए तो आए थे."

 चंद्राकरजींनी सगळ्यांसाठी चहा मागवला. पुढे मार्ग निघाला. जुन्या कंट्रोलरांना हात लावायचा नाही, त्यांच्या पुढे एक छोटा संगणक बसवायचा, नव्या सह्या त्याने तपासायच्या आणि खात्री पटली तरच सूचना आत सोडायची. जुनी मशिनं आपल्या वेळेने बदलली जातील तेव्हा नवी कुलुपं थेट त्यांच्यात. नेतामने ते काम मन लावून केलं.

आता खुशबूची गोष्ट सांगायला हवी.

खुशबू साहू ही मॅडमची संशोधक विद्यार्थिनी. नंदिनी नगरची, वडील चुनखडीच्या खाणीवर. बोलायला कमी, कामाला वाघ. चंद्राकरजींच्या कारखान्यातला एक खरा प्रश्न तिने घेतला होता. कुठल्या साच्यात कधी ओतायचं, म्हणजे भट्टी रिकामी जळत राहणार नाही? शक्यता इतक्या असतात की माणूस गोंधळून जातो. खुशबूने त्यासाठी क्वांटम पद्धत लिहिली. आधी साध्या संगणकावर तिची नक्कल चालवून पाहिली, मग दुरून मिळणाऱ्या एका छोट्या खऱ्या क्वांटम संगणकावर. आणि तिची पद्धत नेहमीच्या पद्धतीपेक्षा चांगलं वेळापत्रक देऊ लागली.

कॉलेजात आनंदीआनंद झाला. अनुदान पुढे चालू ठेवायचं का, हे बघायला अधिकारी येणार होते. प्राचार्यांनी फलक छापून घेतला, 'क्वांटम से चलेगी भिलाई की भट्ठी'. खुशबूचे वडील मिठाई घेऊन येऊन गेले.

मॅडमनी आलेख नीट पाहिला आणि विचारलं, "कावून?"

"मैडम, रिज़ल्ट सामने है," खुशबू म्हणाली.

"वो तो दिख रहा है. जीता क्यों, ये बताओ. साधारण वाले तरीके को पूरा मौका दिया था?"

खुशबू घुटमळली. तिने बाजारात मिळणारी साधी पद्धत होती तशी वापरली होती. आपल्या पद्धतीवर मात्र कित्येक महिने मेहनत घेतली होती. मॅडम माझ्याकडे वळल्या. "भोयर, तू आता साध्या संगनकाचा वकील. खुशबूले हरवायचं. मनापासून, हयगय नाई."

मला ते काम नको होतं. पण केलं. साधी पद्धत घासूनपुसून, त्या कारखान्याच्या साच्यांप्रमाणे बसवली. आधी ती खुशबूच्या बरोबरीला आली. मग पुढे गेली. मी आलेख छापून मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि खुशबूकडे बघायचं टाळलं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, खांदे हलत होते.

मॅडमनी आपला डबा उघडला. त्या दिवशी गोळाभात होता. दोन झाकणांत वाढून एक तिच्यापुढे ठेवलं. "पहले खा लो." तिने खाल्लं नाही. मॅडमही थांबल्या. मग म्हणाल्या, "तेरा काम गलत नहीं है. तुझे अब पता है कि ये कहाँ काम नहीं आता. ये बताने वाले बहुत कम लोग हैं, खुशबू. बेचने वाले बहुत हैं."

"पर मैडम, अनुदान?"

"वो मेरा सिरदर्द है."

खुशबू गेल्यावर मात्र त्या मला म्हणाल्या, "भोयर, मले भेव वाटून राहिलं. हे बंद पडलं तर या पोरायचं काय करू? यायले मीच आनलं या रस्त्यानं."

प्राचार्य चांगलेच चिडले. त्यांचंही चूक नव्हतं, कॉलेज चालवायचं त्यांना. म्हणाले, "मैडम, एक दिन चुप रह जातीं. झूठ थोड़े ही था, आलेख तो असली था."

"सर, असली था, पर अधूरा था," मॅडम म्हणाल्या. "हम सिक्युरिटी पढ़ाते हैं. आधा सच यहाँ से निकला तो कौन हमारे ताले पर भरोसा करेगा?" फलक गुंडाळून कोपऱ्यात ठेवला गेला.

अधिकाऱ्यांसमोर खुशबूनेच बोलावं असं मॅडमनी ठरवलं. तिने दोन्ही आलेख दाखवले, पहिला आणि नंतरचा. आवाज सुरुवातीला कापत होता. नंतर ती क्वांटम पद्धत कुठे अडली, छोट्या मशीनमधल्या चुका कशा साठत गेल्या, हे सांगू लागली तेव्हा स्थिर झाला. शेवटी म्हणाली, "आज की तारीख में इस काम के लिए साधारण कंप्यूटर बेहतर है."  अधिकारी एकमेकांकडे बघत होते. खुशबूचे वडील मागच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते.

उद्योगांच्या वतीने चंद्राकरजींना बोलावलं होतं. ते उठले. भाषणाची सवय नव्हती. म्हणाले, "साहब, मेरे पास रोज़ कोई न कोई आता है, कहता है ये डब्बा लगा लो, क्वांटम-प्रूफ है. आज पहली बार किसी ने आकर कहा कि हमारी चीज़ आपको अभी नहीं चाहिए. अब ये लोग जब कहेंगे कि चाहिए, तो मैं पूछूँगा नहीं." आणि बसले.

अनुदानाचा निकाल अर्धाच लागला. दुरून क्वांटम संगणक वापरायचा वेळ बंद झाला, प्रशिक्षण चालू राहिलं. खुशबूला प्रबंधाची दिशा बदलावी लागली, पदवी लांबली, त्यावरून घरी बोलणीही बसली असतील. पण शनिवारच्या वर्गाला खुर्च्या कमी पडू लागल्या. सुपेल्यातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांपासून मोठ्या कारखान्यांतल्या इंजिनिअरांपर्यंत माणसं येऊ लागली. आणि मी वकिली केलेली ती साधी पद्धत चंद्राकरजींनी भट्टीला लावून घेतली. मॅडम मला चिडवायच्या, "तू तर केस जिंकला रे, फी मांग त्यायले." खुशबू पुढे नव्या कुलुपांच्या वेगावर काम करून डॉक्टर झाली आणि बेंगळुरूला नोकरीला लागली. आजही तिथे ती लोकांना 'कावून' विचारते, असं तिनेच मला फोनवर सांगितलं.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ आटोपशीर झाला, कारण त्यांनी भाषणं करू दिली नाहीत. शाल घेतली, समोसे खाल्ले आणि लॅबच्या चाव्या माझ्या हातात दिल्या. शनिवारचा वर्ग आता नेताम आणि मी मिळून घेतो. नेतामने कारखान्यातून शनिवारची सुट्टी मागून घेतली आहे. आम्हाला वाटलं होतं मॅडम आता आराम करतील, नागपूरला लेकीकडे जातील. गेल्याही, पण नंतर. त्याआधी थोडे महिने त्या कुठे असायच्या हे भाऊ काही केल्या सांगत नसत. "सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते," एवढंच म्हणायचे, आणि मिशीत हसायचे.

त्याच दिवसांत एकदा कामासाठी मी रायपूरला एका भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. मोठ्या काळ्या टेबलावर छोटे आरसे आणि भिंगं ओळीने मांडलेली, त्यांतून लेसरचा लाल किरण जात होता. प्रकाशाच्या एकेका कणावर क्वांटमचे प्रयोग कसे करतात, हे विद्यार्थी शिकत होते. काचेच्या दारातून मी आत पाहिलं. विशीतल्या मुलामुलींच्या घोळक्यात, डोळ्यांवर मोठा संरक्षक चष्मा चढवून, मॅडम उभ्या होत्या. वाकून एका आरशाकडे बघत होत्या आणि बघता बघता त्यांचा हात त्याच्याकडे गेला.

शिकवणारी मुलगी त्यांच्या निम्म्या वयाची असेल. तिने मान वर न करताच दटावलं, "मैडम, हाथ नहीं. बस देखिए."

मॅडमनी हात झटकन मागे घेतला, पदराला पुसला आणि शेजारच्या मुलीकडे बघून जीभ चावली. मग दोन्ही हात पाठीमागे धरून पुन्हा त्या लाल किरणाकडे बघू लागल्या. चेहरा असा खुलला होता की मी दार ढकललं नाही.